घाणेरीच्या पिवळ्याच फुलांवर फुलपाखरं का बसतात?

गच्चीवाली: सोसायटीच्या मागच्या भिंतीला घाणेरी माजलीय. ऊन चढलं की तिथे फुलपाखरांची नुसती झुंबड! दुधाची पिशवी हातात धरून मी बघत उभी असते आणि वॉचमन माझ्याकडे बघत असतो. एकाच गुच्छात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. फुलपाखरू पाय गुलाबीवर टेकवतं, पण सोंड घालतं पिवळ्यातच. असं का? आणि नर्सरीतून महागाची डबल जास्वंद आणलीय, तिच्याकडे एकही फिरकत नाही.

रानवाट: बरोबर टिपलंत. घाणेरीचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं आणि मध असतो तो त्यातच. परागण झालं की ते रंग बदलतं, मधही संपत येतो. तरी झाड जुनी फुलं लगेच गाळत नाही, कारण भरगच्च गुच्छ लांबून दिसतो. जवळ आल्यावर कुठे सोंड घालायची हे फुलपाखरं रंगावरून शिकतात. रिकाम्या फुलात त्यांचा वेळ जात नाही आणि झाडाचे पराग ताज्या फुलांना मिळतात.

डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्या गर्दीत सोंड शिरणार कुठून? साधी एकेरी लाल लावा, मॉर्मन फुलपाखरं येतील.

डोंगरकाठी: घाणेरी मुद्दाम कुणी लावू नका हो! मूळची अमेरिकेतली, आपल्याकडे रानंच्या रानं व्यापून बसलीय. कुंडीत एक्झोरा, पेंटास लावा. आणि नुसत्या मधावर पुढची पिढी वाढत नाही. अळीला पानं लागतात: कॉमन लाइम फुलपाखराच्या अळीला लिंबू, कढीपत्ता, प्लेन टायगरच्या अळीला रुई.

गच्चीवाली: कढीपत्ता आहे की. पण अळी दिसली की सासूबाई चिमटा घेऊन धावतात. फोडणीला पानं उरत नाहीत म्हणे, आणि त्यांचंही खोटं नाही.

डोंगरकाठी: दुसरी कुंडी आणा. एक सासूबाईंची, एक अळ्यांची.

रानवाट: जागा असेल तर खुळखुळ्याचं झाडही लावा. ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या फुलपाखरांचे नर त्याची सुकलेली पानं-खोडं खरवडत बसतात. ते मधासाठी नव्हे. त्या झाडातल्या अल्कलॉइड नावाच्या रसायनापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात.

गच्चीवाली: म्हणजे अत्तराचं दुकान! बी कुठे मिळेल?

रानवाट: विकत कशाला? पावसाळा सरला की माळावर शेंगा वाळतात, हलवल्या की वाजतात. चार खिशात टाका.