२६ जानेवारीची गाठ कोण बांधणार?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार 🙏 २६ तारखेला सकाळी ८ वाजता गेटजवळ ध्वजारोहण. चहा-जिलेबी सोसायटीतर्फे. झेंडा बांधायचं काम दरवर्षी ए-१०१ चे सुभेदार काका बघायचे. या वर्षी कोण करेल ते आजच कळवा.

बी-३०४: काका असते तर आधी तुमचा मेसेज दुरुस्त झाला असता 😀 आरोहण १५ ऑगस्टला. २६ जानेवारीला झेंडा आधीच वर बांधलेला असतो, तो फडकवायचा.

सेक्रेटरी: तीन वर्षं ओरडा खाल्लाय, तरी बोटं तेच टाइप करतात.

सी-४०३: २५ च्या रात्री टॉर्च धरायला मी असायचो. घडीच्या आत झेंडूच्या पाकळ्या. शेवंती चालायची नाही, दव पडलं की चिकटते म्हणायचे. गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे म्हणून चार-चार वेळा ओढून बघायचे. मला टॉर्चच दिला, गाठ कधी हातात दिली नाही.

डी-१०२: एक कबुली देतो. नवीन राहायला आलो तेव्हा काकांना मिलिटरी कॅन्टीनमधून रम मिळेल का विचारलं होतं. गळ्यातली तुळशीची माळ दिसलीच नव्हती. म्हणाले, "कोटा आहे, पण तो विठोबाने गोठवलाय." दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन दारात हजर.

बी-२०२ काकू: संध्याकाळी सातला बाकावर त्यांचा हरिपाठ सुरू झाला की मी कुकर लावायचे. आता घड्याळ बघावं लागतं.

बी-३०४: एका वर्षी त्यांच्याबरोबर वारीत सासवडपर्यंत गेलो होतो. दिवेघाट चढून पाय गळून गेले होते, मुक्कामी पोचून आडवा झालो. तर हे समोर उभे. "बूट काढ, पाय दाखव." पलटणीत लांब चाल झाली की जवानांचे पाय तपासायचे म्हणे, तीच सवय. दिंडीतल्या तीस-पस्तीस जणांचे पाय बघितले, फोडांमधून सुई-दोरा ओवला, वर खोबरेल तेल. स्वतः जेवायला बसले तेव्हा पिठलं गार झालं होतं.

ए-१०१ ताई: सगळं वाचतेय. आईलाही वाचून दाखवतेय, म्हणून उत्तराला उशीर.

बाबा १९६६ ला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. ७१ च्या युद्धात जंगी पलटणीतून, म्हणजे त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमधून, पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते. "शरण या" या आपल्या निरोपाला पाकिस्तानी कमांडरने पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवली होती, ती हीच लढाई. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं आणि पलटण ढाक्याच्या वाटेला लागली. वाटेत एकादशी आली. खिशात होते फक्त शक्करपारे. मी लहानपणी विचारायचे, मग काय केलंत? "खाल्ले की! उपाशी माणसाच्या हातात एलएमजी देतात का?" मात्र सुट्टीवर आल्यावर पहिली एकादशी निर्जळी केली. एक बाकी होती म्हणे.

बी-२०२ काकू: 🙏🙏 वहिनींना त्या दिवसांत पत्रं तरी यायची का गं?

ए-१०१ ताई: यायची ना. आंतर्देशीय, उलट पत्ता ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपाल. आईला तेव्हा वाचता येत नव्हतं. शाळेतले गुरुजी ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. आजी, दोन चुलत्या, शेजारपाजार सगळे ऐकायला. वर "श्री विठ्ठल प्रसन्न", मग वडिलांना दंडवत, पाऊसपाणी. शेवटी कायम एक ओळ: "कपिला कशी आहे? तिने वेळेवर वैरण खावी, रात्री जागू नये. मी पुढच्या सुट्टीत येतो असं तिला सांगावे."

आमच्याकडे गाय नव्हतीच.

डी-१०२: 😀😀 गुरुजींना कळलं नाही?

ए-१०१ ताई: आई म्हणते, गुरुजी ती ओळ दोनदा वाचायचे.

माझ्या जन्माची तार त्यांना अकरा दिवसांनी मिळाली. ते मनात राहिलं असणार, कारण ९४ ला निवृत्त झाल्यावर घरातलं एकही आजारपण, एकही रिझल्ट त्यांनी चुकवला नाही. आईचा हात निकामी झाल्यावर सहा वर्षं तिची वेणी बाबाच घालायचे. वेणी इतकी घट्ट की आई ओरडायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, "परेडला सुटता कामा नये."

सेक्रेटरी: ताई, काय बोलावं कळत नाही. या वर्षी झेंडा तुमच्या आईंच्या हस्ते फडकवू या का? दोरी ओढायला मी बाजूला असेन.

ए-१०१ ताई: विचारलं. हो म्हणाली. डाव्या हाताने ओढीन, पण बाजूला कुणी नको म्हणते.

सी-४०३: आणि गाठ? यूट्यूबवर व्हिडिओ आहेत, पण भरवसा नाही.

ए-१०१ ताई: गाठीची काळजी नको. दिवाळीआधी हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी रात्रपाळीच्या वॉचमनदादांना घरी बोलावून शिकवली होती. माझ्या ओढणीवर. ती ओढणी अजून त्यांच्या केबिनमध्येच आहे, रोज सराव करतात.

सी-४०३: मग टॉर्च मी आणतो.

सेक्रेटरी: ठरलं. झेंडू किती आणू?

ए-१०१ ताई: पाव किलो पुरे. शेवंती नको.