गतिरोधक हवा, पण पाण्याला वाट ठेवून

बाजारपेठेत दर शंभर पावलांवर गतिरोधक टाका, अशी एक सूचना आलीय. टाका, पण कसला? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर उंच हवा. ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखरूप जाते. आपल्याकडे डांबराचा ढीग ओततात आणि रिक्षातल्या आजीची कंबर मोडते.

शिवाय कोकणातला पाऊस. आमच्या रत्नागिरीच्या उतारावर या गटारापासून त्या गटारापर्यंत सलग उंचवटा घातलाय. जून लागला की त्यामागे घोटाभर तांबडं पाणी तुंबतं आणि शाळेची पोरं ते चुकवत रस्त्याच्या मधोमध चालतात. दोन्ही कडांना हातभर फट ठेवली असती तरी पुरे होतं. (त्यातून दुचाकीवाले घुसणारच, म्हणून तिथे एकेक खांब रोवायचा.)