३.६ लिटर व्ही-६ : प्लास्टिकचे ऑइल फिल्टर हाउसिंग काढून ॲल्युमिनियमचे बसवावे का?

नदीकाठ :
नमस्कार. माझ्याकडे २०१५ ची अमेरिकन बनावटीची मिनीव्हॅन आहे. तिचे इंजिन ३.६ लिटरचे व्ही-६ असून गाडी १,१२,००० मैल चालली आहे. गेले दोन महिने इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून तेल ठिबकते आहे, आणि टॉर्च घेऊन पाहिले असता सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या खोलगट जागेत, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली, तेल साचलेले दिसते. ऑइल कूलरसह प्लास्टिकचे ऑइल फिल्टर हाउसिंग (तेल गाळणारे फिल्टर ज्यात बसते ते घर) नेमके तिथेच बसवलेले असल्यामुळे गळती तिथलीच आहे, असे मी धरून चाललो आहे. वर्कशॉपने ११०० डॉलर सांगितले. माझी मर्यादा सर्व मिळून ४०० डॉलर आहे. काम न्यू जर्सीतल्या थंडीच्या आधी घरासमोरच्या ड्राइव्हवेवर मी स्वतःच करणार आहे. धाकटी कॉलेजला जाईपर्यंत, म्हणजे अजून दोन वर्षे, गाडी चालली की पुरे. तेव्हा मूळ कंपनीचे प्लास्टिकचेच हाउसिंग पुन्हा घालावे, की बाजारात मिळणारे ॲल्युमिनियमचे?

शिशिर_मिशिगन :
ॲल्युमिनियमचेच घ्या, यात विचार करण्यासारखे काहीही नाही. मी तीन हिवाळ्यांपूर्वी बसवले, एकट्याने, साडेचार तासांत, आणि तेव्हापासून गॅरेजच्या फरशीवर तेलाचा एक थेंबही पडलेला नाही. वरचे आणि खालचे असे दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागतात, म्हणून त्यांची गास्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारे पातळ थर) नवीन आणून ठेवा. या इंजिनात मागच्या ओळीचे स्पार्क प्लग वरचे मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हाती लागत नाहीत. तुमचे मैल पाहता सहाही प्लग याच वेळी बदला, नाहीतर तीच मेहनत सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागेल.

जुनी_गाडी :
मूळ कंपनीचेच घ्यावे. माझ्या गाडीतले पहिले हाउसिंग ९०,००० मैल टिकले. बाजारातल्या स्वस्त भागांचा मला आलेला अनुभव (तो पाण्याच्या पंपाचा होता, हाउसिंगचा नव्हे, पण तत्त्व तेच) इतका वाईट आहे, की आता मी रबराचा साधा वॉशरसुद्धा डीलरकडूनच आणतो. ४०० डॉलरांत हे काम नीट होणार नाही. ७०० तरी बाजूला ठेवा.

कॅमऱ्यातला_माणूस :
मी मागच्या वर्षी माझ्या जपानी सेडानला धातूचे बसवले. चाळीस डॉलर लागले आणि काम दहा मिनिटांत झाले. आपण सर्वजण मॅनिफोल्ड वगैरे का उतरवत आहात, हे मला समजले नाही.

शिशिर_मिशिगन :
आपण बदलले ते फिल्टरचे झाकण. इथे चर्चा त्याखालच्या संपूर्ण हाउसिंगची आहे.

कॅमऱ्यातला_माणूस :
झाकण असले तरी ते धातूचेच आहे. आणि ते उत्तम आहे.

भोसरीकर :
मी गाडी पुण्यात चालवतो आणि हे इंजिन मी उघडलेले नाही. पण बावीस वर्षे भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगचे काम केले आहे, म्हणून एक खुलासा करतो. असे भाग साध्या प्लास्टिकचे नसतात. ते काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात, आणि हे नायलॉन साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे तेलाच्या उष्णतेने ते वितळेल ही भीती व्यर्थ आहे. खरी अडचण प्रसरणाची आहे. काचतंतू ज्या दिशेने पसरतात त्या दिशेने हा माल जवळपास ॲल्युमिनियमइतकाच फुगतो, पण आडव्या दिशेने त्याहून कितीतरी जास्त फुगतो. म्हणून हजारो वेळा तापून थंड झाल्यावर त्याची बसण्याची सपाटी, म्हणजे ते इंजिनावर टेकते ती बाजू, किंचित वाकते. शिवाय ऑइल कूलरमधून फिरणारे गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नायलॉनला हळूहळू ठिसूळ करते. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर ॲल्युमिनियमचे हाउसिंग त्याच्याबरोबर फुगते आणि आकसते, हा धातूचा खरा फायदा आहे. "धातू मजबूत असतो" हे कारण दुय्यम आहे.

शिशिर_मिशिगन :
म्हणजे मी म्हणालो तेच.

भोसरीकर :
निष्कर्ष तोच, पण कारण निराळे. आणखी एक गोष्ट म्हणजे ओतीव भाग नीट ओतलेला नसेल तर त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि तेल त्यांतून पाझरते, तेव्हा ॲल्युमिनियम म्हटले की प्रश्न मिटला, असे समजू नये. एकंदरीत मीही ॲल्युमिनियमच्याच बाजूने आहे, फक्त बसण्याची सपाटी पट्टी ठेवून तपासून घ्या.

ओहायोची_मावशी :
हाउसिंग विकत घेण्याआधी गळती तिथलीच आहे याची खात्री करून घ्या, कारण माझी यात पूर्ण फसगत झाली. त्या खोलगट जागेतले तेल मागच्या बाजूने ओघळून बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर उतरते. माझ्या मेकॅनिकने क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेले असे छातीठोकपणे सांगितले, गिअरबॉक्स उतरवला, ९५० डॉलर घेतले, आणि आठवड्याने तेल पुन्हा त्याच ठिकाणी टपकू लागले. शेवटी माझ्या भाच्याने तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली पाहिले, तेव्हा दोष हाउसिंगचा निघाला. ते रंगद्रव्य दहा-पंधरा डॉलरांत मिळते. त्या मेकॅनिकबद्दल मी आणखी बरेच लिहू शकते, परंतु इथे लिहीत नाही.

टेक्सासवाला :
माझ्या मते ती मिनीव्हॅन विकून एखादी हायब्रिड घ्यावी. मी तेच केले आणि आता बॉनेट केवळ काचेचे पाणी भरण्यासाठी उघडतो.

नदीकाठ :
टेक्सासवाला, माझी मर्यादा ४०० डॉलर आहे.

टेक्सासवाला :
हप्त्यांवर मिळते.

शांताराम_अलाबामा :
वर कोणी सांगितले आहे की नाही ते पाहिले नाही, पण मॅनिफोल्ड उतरवलेच आहे तर स्पार्क प्लग बदलून घ्या. दुसरे म्हणजे गाडीचे वर्ष सांगूनच हाउसिंग मागवा. या इंजिनाचे फिल्टर २०१४ पासून बदलले; २०११ ते २०१३ च्या गाड्यांचे हाउसिंग आणि फिल्टर निराळे आहेत. मी ही चूक केली, आणि सगळे उघडून ठेवलेले असताना चार दिवस बदली भागाची वाट पाहत बसलो. त्या चार दिवसांत सिलिंडरकडे जाणाऱ्या उघड्या तोंडांत मी स्वच्छ फडके कोंबून ठेवले होते, तेवढेच एक शहाणपण माझ्या हातून घडले. आत एखादा बोल्ट पडला तर पुढचा हिशेब हजारांत जातो.

जुनी_गाडी :
फिल्टरचे झाकण पान्याने करकचून आवळणारे लोकच हे हाउसिंग फोडतात. झाकणावर किती जोराने आवळायचे ते, २५ न्यूटन-मीटर, असे स्पष्ट छापलेले असते, पण घाईने तेल बदलून देणाऱ्या दुकानांत ते कोण वाचतो? म्हणूनच पुन्हा सांगतो, मूळ भाग घ्या आणि तेल स्वतः बदला.

शिशिर_मिशिगन :
झाकणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की माझ्या ॲल्युमिनियमच्या संचाबरोबर आलेले झाकण प्लास्टिकचेच होते.

कॅमऱ्यातला_माणूस :
माझे मात्र धातूचे आहे.

नदीकाठ :
सर्वांचे आभार. रंगद्रव्य घालून पाहिले आणि गळती हाउसिंगचीच निघाली. शनिवारी कूलंट काढून, दोन्ही मॅनिफोल्ड उतरवून ते बाहेर काढले. शिशिर यांच्या साडेचार तासांच्या ठिकाणी मला नऊ तास लागले आणि त्यांपैकी एक तास साचलेले तेल टिपण्यात गेला. हाउसिंग धुऊन पाहता त्यात कुठेही तडा आढळला नाही. भोसरीकरांच्या सूचनेप्रमाणे पट्टी ठेवली, तर खालून उजेडही दिसला नाही. मात्र सगळी सील दाबून चपटी आणि नखाने न दबण्याइतकी कडक झालेली होती. तेव्हा ॲल्युमिनियमचेही नाही आणि नवे प्लास्टिकचेही नाही, केवळ सीलचा संच आणला आणि जुनेच हाउसिंग पुन्हा बसवले. सील, इनटेकची गास्केट, सहा प्लग, कूलंट, तेल, फिल्टर आणि एक टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) मिळून ३१८ डॉलर झाले.

शिशिर_मिशिगन :
एवढे सगळे उघडून जुने प्लास्टिक परत बसवणे मला पटत नाही. पुढच्या हिवाळ्यात याच धाग्यावर भेटू.

भोसरीकर :
मीही बदलूनच टाकले असते. सपाटी थंड असताना पाहिली आहे. गरम असताना ती तशीच राहील याची खात्री नाही.

जुनी_गाडी :
सील तरी डीलरची आहेत ना?

नदीकाठ :
नाहीत. आज अकरावा दिवस आहे. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला आहे आणि त्यावर एक डाग आहे. तो त्याच शनिवारचा आहे, असे मी घरी सांगितले आहे.