बेटावर जमलं, मग वाळूजला काहून नाही?

लेथवाला_वाळूज:
काल एका सरांनी पोस्ट टाकली, "डेन्मार्कच्या साम्सो बेटावर धड चार हजार लोक नाहीत, तरी स्वतःच्या पवनचक्क्या लावून मोकळे झाले, आणि आपला छोटा उद्योजक चेंबरच्या (उद्योजक संघटनेच्या) दारात वीजदराचं रडगाणं गातो." वाचून डोकं फिरलं म्हणून एवढं लिहायलो. सर, तिथं 1997 ला सरकारनं स्पर्धा घेऊन बेट निवडलं, विजेला काय भाव मिळणार हे आधीच पक्कं होतं, म्हणून एक-एक मेगावॅटच्या चक्कीला कर्ज मिळालं. माझं वाळूज एमआयडीसीतलं लेथचं शेड भाड्याचं. छत मालकाचं, मालक पुण्याला, तो म्हणतो पत्र्याला भोकं पाडायची नाहीत. 11 महिन्यांच्या करारावर 25 वर्षं टिकणारं पॅनल लावू का? बाहेरून सोलरची वीज घ्यावी तर ओपन ॲक्सेसला (महावितरण सोडून दुसऱ्याकडून थेट वीज घ्यायला) 100 किलोवॅटचा लोड लागतो, माझा 27. चेंबरनं यावर काय केलं ते सांगा, बेटाचे फोटो नका दाखवू.

नाथसागर:
ती पोस्ट माझीच. रडगाणं शब्द लागला असेल तर लागू द्या. ओपन ॲक्सेसची अट आधी 1 मेगावॅट होती, 2022 ला 100 किलोवॅटवर आली, मागत राहिलं की सरकतं. वाळूजचा ऑटो क्लस्टर, म्हणजे गाड्यांचे भाग करणाऱ्यांची सामायिक सोय, काय आभाळातून पडला? आपलं चेंबर सीएमआयए 1968 पासून आहे, लहान युनिटवाल्यांसाठी मासिआ ही वेगळी संघटना आहे, तुम्ही कधी वर्गणी भरलीत का? मीटिंगला चाळीस खुर्च्या मांडतो, नऊ जण येतात, त्यातले दोघं चहापुरते.

डाळमिल_उदगीर:
बेटांचंच काढलं म्हणून सांगतो. स्पेनच्या एल हिएरो बेटावर 2014 ला 11.5 मेगावॅटच्या चक्क्या लागल्या. वारा जास्त झाला की खालच्या तळ्यातलं पाणी वर ज्वालामुखीच्या खड्ड्यात चढवायचं, वारा पडला की तेच खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. झकास! आता हे लातूरला करून दाखवा, जिथं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अन् परळीचं थर्मल पाण्यावाचून बंद पडलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. एल हिएरोत बी वारा नसला अन् वरचं पाणी संपलं की डिझेलच चालतं. साम्सोला तर समुद्राखालून केबल हाय, कमी पडलं की पलीकडून वीज. हे पोस्टमध्ये नव्हतं.

नाथसागर:
पॅनलला ऊन लागतं उदगीरकर, पाणी नाही.

डाळमिल_उदगीर:
अन् धुवायचं कशानं? आमच्याकडची धूळ बघायला या एकदा.

कोटिंग_चिकलठाणा:
तुम्ही बेटं हिंडा निवांत. माझी अडचण वीज नाही, पेमेंट. एका मोठ्या कंपनीकडून (नाव घेत नाही, उद्या ऑर्डर जाईल) मार्चचं बिल ऑगस्टमध्ये निघालं. डिझेल मात्र रोखीनं. लाईट गेली की कोटिंगच्या ओव्हनमधला अख्खा लॉट रिजेक्ट, म्हणून जनरेटर ठेवलाय, तो लिटरला जेमतेम साडेतीन युनिट देतो, हिशोब तुम्हीच करा. अन् असल्याच कंपन्यांचे साहेब मेळाव्यात स्टेजवर बसून म्हणतात, लघुउद्योग आमचा कणा. कणा हाय म्हणूनच वाकवायलेत.

ताळेबंद:
लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचा कायदा आहे ना. त्यासाठीच आयकरात 43बी(एच) कलम आलं. वेळेत दिलं नाही तर कंपनीला खर्चाची वजावट पैसे देईल त्याच वर्षी मिळते.

कोटिंग_चिकलठाणा:
कायदा आला त्याच महिन्यात परचेसवाल्याचा फोन, "उद्यमचं (लघुउद्योग असल्याचं) रजिस्ट्रेशन काढून टाकता का, आम्हाला जरा सोपं जाईल." आता बोला.

ताळेबंद:
45 सुद्धा लेखी करार असेल तर. नसेल तर 15 दिवसच. थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ.

लेथवाला_वाळूज:
टाका म्हणायला काय जातंय. तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात.

ताळेबंद:
मग बसा कुढत.

कोटिंग_चिकलठाणा:
तोंड सांभाळून हं. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्यानं आम्हाला शिकवू नये.

ताळेबंद:
मी सीए आहे हो. माझी फी तुमच्यासारख्यांकडंच दोन वर्षं अडकलीय.

डाळमिल_उदगीर:
😂😂 घ्या!

बांधावरून:
तुमचं चालू द्या, पण चक्क्यांचं निघालं म्हणून मी शेतकरी बोलायलो. आमच्या डोंगरावर बी चक्क्या फिरायल्यात. मालक कोण, गावात कुणालाच सांगता येत नाही. भावकीतल्या एकानं जमीन दिली, तिथं जायच्या रस्त्यात बाकीच्यांचे बांध फुटले. मागच्या रब्बीत आमची डीपी जळाली, अठरा दिवस हरभरा पाण्यावाचून उभा, शेवटी सगळ्यांनी पैसे गोळा करून आमच्याच ट्रॅक्टरनं ती नेली अन् आणली. तवा समोर डोंगरावर पाती मस्त फिरत होती. साम्सोचे लोक अन् आम्ही शेतकरी एका वाक्यात बसवू नका.

नाथसागर:
बरं बाबा. साम्सोत जमिनीवरच्या 11 चक्क्यांपैकी 9 शेतकऱ्यांच्या होत्या, उरलेल्या दोनांत गावकऱ्यांचे शेअर. हे पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं, तेवढं मान्य. रडगाणं शब्द मात्र मागं घेणार नाही.

लेथवाला_वाळूज:
नका घेऊ. छताचं काय ते बोला.

नाथसागर:
भाड्याच्या शेडवाल्यांची यादी द्या, पुढच्या मीटिंगला विषय मांडतो.

लेथवाला_वाळूज:
म्हणजे यादी बी मीच करायची. लिहा, पहिलं नाव माझं.

कोटिंग_चिकलठाणा:
पेमेंटची यादी निघाली तर तिच्यात माझं टाका.