मदत हवी आहे: शेजारच्या कुत्र्याने स्कूटरचं वायरिंग कुरतडलं, भरपाई कशी मोजायची?

इंदूर, सुदामा नगर. रस्त्यापलीकडच्या घरातल्या लॅब्राडोरने आमच्या फाटकाच्या आत उभ्या स्कूटरची सीट फाडली आणि पायदानाखालून पुढे जाणारं वायरिंग चावून तोडलं. कुत्रा पट्ट्याशिवाय मोकळा होता, हे सीसीटीव्हीत स्पष्ट दिसतं. डीव्हीआर (कॅमेऱ्याचा रेकॉर्डर) जुनं चित्रण आपोआप पुसतो, म्हणून क्लिप पेनड्राइव्हवर घेतली आहे. फोटो आणि गॅरेजचं लेखी एस्टिमेटही आहे.

कुत्र्याचे मालक काका भले आहेत, नुकसान मान्य करतात. पण म्हणतात, "गाडी पाच वर्षं जुनी, निम्मे देतो. वायर जोडून घ्या." सीटचं मला पटतं, रेग्झिन झिजतंच. पण टेप लावलेल्या जोडांत पावसाळ्यात पाणी शिरून तांबं हिरवं पडतं, मग इंडिकेटर कधी लागतो, कधी नाही. म्हणून पूर्ण हार्नेसच (वायरिंगचा अख्खा जुडगा) बदलायचा आहे.

विमा फक्त थर्ड पार्टी, त्यात हे बसत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याच्या शक्यतेबद्दल आहे, त्यामुळे पोलिसांकडे जाण्यात अर्थ दिसत नाही. दिवाणी दाव्याला 3 वर्षांची मुदत आहे हे ठाऊक आहे, पण संबंध बिघडवायचे नाहीत.

ज्यांनी असं प्रकरण आपसांत मिटवलंय किंवा जे वकिली करतात, त्यांनी सांगावं: हार्नेससारख्या फारशा न झिजणाऱ्या भागावरही घसारा कापणं रास्त आहे का, आणि समजुतीच्या कागदात नेमकं काय लिहून घ्यावं?