भालाफेकीतून बेसबॉलच्या पिचिंगकडे: सुरुवात कुठून?

कृष्णाकाठ (सांगली): मैदानावरचा एक मुलगा, वय १७, भालाफेक करतो. बेसबॉलमध्ये पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) व्हायचं मनात घेतलंय. रोज दीडशे चेंडू जीव तोडून टाकतो, संध्याकाळी कोपर आतल्या बाजूने दुखतं. जमीन काळी, पिचरला उभं राहायला लागतो तो मातीचा उंचवटा नाही. काय करावं?

माणदेशी: दादा, आधी ते दीडशे बंद करा. कोपर आतून दुखतंय म्हणजे तिथल्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या बंधावर) ताण येत असणार. दुखणं आहे तोवर एकही चेंडू नको, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. हेच लिगामेंट तुटल्यावर १९७४ साली अमेरिकी पिचर टॉमी जॉनवर शस्त्रक्रिया झाली. तो १९८९ पर्यंत खेळला हे खरं, पण आजही त्यातून परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं. अमेरिकेत १७-१८ वयाला दिवसाला कमाल १०५ चेंडू, आणि ८१ किंवा जास्त टाकले की चार दिवस सुट्टी. ३१ ते ४५ टाकले तरी एक दिवस. वहीत रोजचा आकडा लिहाच.

कृष्णाकाठ: आणि भालाफेकीचा उपयोग?

माणदेशी: खांदा तयार असतो. रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल दोघेही भालाफेकपटूच. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने त्यांना पिचर म्हणून करारबद्ध केले. मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेपर्यंत, मात्र दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. भाल्याला धाव मिळते, इथे उंचवट्यावर बसवलेल्या पट्टीवरून मागच्या पायानेच रेटायचं. शिवाय चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा, हात फार वेगाने सुटतो. तो वेग आवरताना खांद्याची मागची बाजू राबते, तिचा व्यायाम वेगळा घ्या.

मुरूमवाला (सातारा): उंचवट्याचं सांगतो. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, पट्टी हलते. दीड फूट खणून ती काढा, मुरूम थराथराने भरून धुम्मसाने ठोका, वर चिकट लाल माती. १८ फूट व्यासाचं वर्तुळ, उंची १० इंच, पट्टी २४ बाय ६ इंच. पट्टीच्या पुढे ६ इंच सपाट, मग फुटाला एक इंच उतार. पट्टीच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटचं (फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पाटीचं) मागचं टोक ६० फूट ६ इंच. खरी अडचण पुढचा पाय पडतो तिथे येते. खड्डा पडला की पाय घसरतो, अंग मागे राहतं आणि सगळा झटका कोपरावर. सराव संपला की तिथे ओली माती भरून ठोकायची आणि वर ताडपत्री टाकायची, रोज.