२००६ ची स्प्लेंडर: इंजिनचं काम करून घेऊ की नवीन गाडी घेऊ?

चिपळूणचा मास्तर

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण दोन महिने झाले तरी माझं काही ठरत नाहीये.

गाडी हीरो होंडा स्प्लेंडर प्लस, जून २००६ ची. वडिलांची. ते २०१९ ला गेले, त्यानंतर मी नावावर करून घेतली. मीटर एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आलाय, माझ्या हिशेबाने दीड लाख किलोमीटर झाले असतील. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळा गुहागर रस्त्याला मार्गताम्हान्याच्या पुढे आतल्या बाजूला, रोज जाऊन-येऊन ४६ किलोमीटर. एसटी आहे, पण तिच्या वेळा शाळेशी जुळत नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिनचा खालचा बोल्ट काढला, तर तेलाऐवजी दुधाच्या चहासारखं पाणी आलं. तीन वेळा तेल बदललं, कार्बोरेटर साफ केला, वायरिंग नवीन टाकलं. इंजिन मात्र उघडलं नाही. तेव्हा सगळ्याच गॅरेजात गाड्यांची रांग होती आणि ही चौथ्या-पाचव्या किकला सुरू झाली, म्हणून तशीच चालवली. साडेचार वर्षं चालली.

आता दिवाळीपासून धूर मारतेय. आठवड्याला पाव लिटरच्या आसपास तेल वर घालावं लागतं. पूर्वी ६० च्या वर अॅव्हरेज होतं, आता ४२. इथल्या मिस्त्रींनी १७,५०० चा खर्च सांगितलाय: ब्लॉक-पिस्टन, वाल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, मागचा टायर, पुढच्या शॉकअपचे सील. शोरूममध्ये चौकशी केली तर नवीन गाडी रस्त्यावर यायला ९२,००० च्या आसपास, जुनीचे ८,००० धरतात. २०,००० भरून उरलेल्याचं कर्ज काढलं तर ३,६५० चे २४ हप्ते. पुरानंतर घर दुरुस्तीला काढलेल्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे.

बायको म्हणते, भावनेत अडकू नका, पण घाईही करू नका. गाडी वडिलांची आहे म्हणून मी खर्च करायला निघालोय की खरंच परवडतंय म्हणून, हेच मला कळेनासं झालंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

मिरजेचा मिस्त्री

गुरुजी, २२ वर्षं हेच काम करतोय. सतरा हजाराचा आकडा चुकीचा वाटत नाही, पण गाडी तपासून काढलाय की नुसता धूर बघून, ते आधी विचारा. खर्च कुठे थांबणार हे कळल्याशिवाय जुनं बरं की नवं, हे ठरवता येत नाही.

पहिलं, धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू करताना भकाभका येऊन थांबतो का? उतारावर रेस सोडून खाली आलात आणि मग पिळली की एकदम ढग येतो का? तसं असेल तर वाल्व्ह सील-गाईड गेलंय, ते हजार-दोन हजारात भागतं. चढाला लोड घेताना सतत निळसर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती ब्लॉकची आतली भिंत.

दुसरं, मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन गेज (इंजिनच्या आतला दाब मोजायचं) असेल तर प्लग काढून मोजायला सांगा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून परत मोजायचं. काटा चांगला वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेत. हलला नाही तर वाल्व्ह. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरं, ब्लॉक आधी कधी बोअर झालाय का, म्हणजे झिजला म्हणून लेथवर आतून कापून मोठा केलाय का? जितका मोठा केला त्या मापाचा, पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५, १०० असा आकडा ठोकलेला असतो. १०० झाला असेल तर पुढे जागा नाही, नवीन ब्लॉक किंवा स्लीव्ह. आणि कोणी 'नुसत्या रिंगा टाकू, स्वस्तात होईल' म्हटलं तर ऐकू नका. बोअर अंडाकृती झालेला असतो, गोल रिंग त्यात बसत नाही. चार महिन्यांत परत धूर.

चौथं, ब्लॉक निघाला की कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलवून बघा. आडवी थोडी हलली तर चालते, वर-खाली अजिबात हलता कामा नये. पुराचं पाणी क्रँकच्या (रॉड खाली जिला जोडलेली असते, ती फिरती दांडी) बेअरिंगपर्यंत गेलेलं असतं, म्हणून तुमच्या गाडीत मला ही भीती जास्त आहे. ते निघालं तर इंजिन चेसिसवरून उतरवून पूर्ण फोडावं लागेल, पाचेक हजार वाढतील.

या सगळ्याच्या आधी चेसिस बघा. बॅटरीच्या पेटीखाली, स्विंग आर्मचा मोठा बोल्ट जातो तिथे आणि मेन स्टँड बसतो तिथे. माती खरवडून स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत जा. टणटण वाजलं तर पाइप चांगला. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर थांबा. पुराचा गाळ पाइपाच्या आत बसून आतून खातो. इंजिन कितीही वेळा बांधता येतं, पण सडलेल्या चेसिसला वेल्डिंग मारून रोज ४६ किलोमीटर मी माझ्या भावाला पाठवणार नाही.

धडगावची सिस्टर

सर, मी आरोग्यसेविका आहे, सातपुड्यात फिरते. माझी जुनी गाडी मी तीन वर्षं दुरुस्त करत राहिले. एकेक खर्च छोटा वाटायचा. गेल्या श्रावणात एका पाड्यावरून परतताना संध्याकाळी चढावर बंद पडली. फोनला रेंज नाही, पाऊस चालू, पिशवीत लसींचा डबा. दीड तास ढकलत आणली. त्या रात्री ठरवलं आणि हप्त्यावर नवीन घेतली. दोन वर्षं हप्त्याने हात आखडता राहील, पण सकाळी निघताना पोटात गोळा येत नाही.

तुमच्या रस्त्याला वस्ती आहे की नाही मला माहीत नाही. पावसाळ्यात अंधार पडल्यावर गाडी बंद पडली तर मदत किती अंतरावर आहे, एवढं बघा आणि मग पैशाचा हिशेब करा.

नाशिककर

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जून २००६ ची म्हणजे नोंदणीचं १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण २०२१ ला झालं असणार, ते जून २०२६ ला संपतंय. पुन्हा पाच वर्षांसाठी नमुना २५ भरून आरटीओत गाडी दाखवावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल, विमा आणि पीयूसी चालू लागेल. २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी २०२५ च्या ऑगस्टपासून २,००० रुपये झाली आहे. धूर मारणारी गाडी पीयूसीतच अडकेल, म्हणजे इंजिनचं काम जूनच्या आत करावंच लागेल. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेटही सक्तीची आहे, ती बसवली नसेल तर बसवून घ्या.

दुसरी बाजू अशी की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तुम्हाला मिळालेला भाव त्यानंतरचाच आहे ना, ते बघा.

चिपळूणचा मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. भाव जीएसटी कमी झाल्यानंतरचाच आहे, नंबर प्लेट बसवलेली आहे. रविवारी अख्खा दिवस गाडीला दिला.

धूर चढालाच येतो, उतारावर नाही. गेज शेजारच्या गॅरेजातून मागून आणलं. तेल सोडल्यावर काटा स्पष्ट वर गेला. म्हणजे बोअर.

मिरजेच्या मिस्त्रींनी विचारलं होतं, आधी बोअर झालाय का. मला काहीच माहीत नव्हतं. मग आठवलं, वडील गाडीची एक छोटी डायरी ठेवायचे. पूर आला तेव्हा ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती, म्हणून वाचली. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर, रुपये. मधेच हे सापडलं: '६-११-१३. ७१,३४०. बोअर ५०. लेथ कराडला. नवीन पिस्टन. ५०० किमी सावकाश.' सावकाशच्या खाली दोन रेघा. त्या महिन्यात मला गाडी मागितल्यावर ते नाही म्हणाले होते आणि मी रुसलो होतो. कारण आज कळलं.

म्हणजे ७५ आणि १०० असे दोन टप्पे शिल्लक आहेत. चेसिस तासभर ठोकली. बॅटरीखाली गंज आहे, पण वरवरचा, तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली धातू चांगला लागला. स्विंग आर्मजवळ टणटण आवाज. स्टँडच्या पट्टीचं एक टोक खाल्लंय, तेवढी पट्टी बदलतोय. काल ब्लॉक निघाला, पिस्टनवर खरंच ५० आहे. रॉड वर-खाली हलत नाही. मिस्त्रींनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तुम्हीच बघा सर.

सिस्टर, तुमचं लिहिणं घरी वाचून दाखवलं. माझ्या रस्त्याला दोन-तीन किलोमीटरवर वाडी आहे आणि अंधार पडायच्या आत मी घरी असतो, म्हणून धीर करतोय. तुमचा रस्ता माझा असता तर मीही नवीनच घेतली असती.

तर दुरुस्त करतोय. गाडी नीट झाली की महिन्याला आठ-नऊशेचं पेट्रोल वाचेल. बायकोने सुचवलं की हप्ता भरतोय असं समजून जमेल तेवढं पोस्टात आरडीला टाकत जा. क्रँक आवाज करायला लागली की इंजिन फोडायचं नाही, रोख देऊन नवीन घ्यायची, एवढं आमचं ठरलंय.

मिस्त्री, लेथवरून ब्लॉक आणताना काय बघू?

मिरजेचा मिस्त्री

नवीन पिस्टन सोबत घेऊनच लेथवर जा, पिस्टन मोजून मगच बोअर करायला सांगा. होनिंग (बोअरची भिंत शेवटी घासणं) झाल्यावर आत बारीक तिरप्या फुलीसारख्या रेघा दिसल्या पाहिजेत, नुसती चकचकीत भिंत नको. घरी आणून साबणाच्या पाण्याने धुवा, पांढरं फडकं फिरवून काळं निघायचं थांबेपर्यंत पुसा आणि लगेच तेलाचा हात मारा. पहिलं तेल ५०० ला बदला. तोपर्यंत वेग ५० च्या वर नेऊ नका, डबल सीट चढ टाळा.

आणि गुरुजी, तारीख आणि किलोमीटर त्याच डायरीत लिहा.